एरंडेल डॉक्टर आणि आईचं मीठ

आमच्या डॉक्टरांना सगळ्या जगाची किळस यायची. पेशंट समोर बसला की आधी त्यांचं नाक आक्रसायचं, मग वरचा ओठ डाव्या बाजूला चढायचा आणि त्यानंतर "हं, बोला" असा आवाज यायचा. समोर पडसं झालेला हमाल असो की सोनाराची नवी सून, तोंड तेच. एरंडेल प्यायल्यासारखं. बोईसरमध्ये त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. रिक्षावाल्याला 'एरंडेल डॉक्टर' म्हटलं की तो पुढे काही न विचारता दवाखान्याच्या दारात नेऊन सोडायचा. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "एरंडेल वाईट नसतं. पोट साफ होतं. पण इथल्या लोकांना गुलकंद पाहिजे."

मी त्यांच्याकडे कंपाउंडर होते. माहेर घिवलीचं, सासर बोईसरचं, नवरा कारखान्यात पाळीवर जाणारा. बारावी सायन्स एवढंच माझं भांडवल. मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही, "हात दाखव" म्हणाले. नखं बघितली, मग हात नाकाजवळ नेल्यासारखं करून लगेच मागे सरकले. "मासळीचा वास येतोय." म्हटलं, सकाळी बोंबील साफ केलेत. "लिंबू चोळ. उद्यापासून ये." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, असल्या माणसाकडे कोण टिकणार! पण टिकले. कारण खरं सांगायचं तर मलाही पटकन किळस येते. दुसऱ्यांच्या घरी चहा प्यायची वेळ आली तर मी आधी कपाची कड बघते, असं माझ्या सासूबाई चारचौघांत सांगतात. आणि बोईसरमध्ये राहून ज्याला किळस येत नाही त्याचंच मला नवल वाटतं. कारखान्यांच्या मागचा नाला सकाळी पिवळा असतो तर दुपारी जांभळट. त्याचा वास वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात गुटख्याचे ओघळ, आणि त्या ओघळांवर देवांच्या फरशा लावल्या तर लोक देव सोडून शेजारी थुंकतात. अशा गावात एक माणूस तरी तोंड वाकडं करून बसलेला आहे, याचं मला बरं वाटायचं.

पाण्याच्या बाबतीत तर त्यांच्या किळसेला अंत नव्हता. दवाखान्यात जारचं पाणी यायचं. जारवाला पोरगा जार खांद्यावरून उतरवताना जारच्या तोंडात अंगठा घालून धरायचा. डॉक्टर केबिनमधून ते बघत आणि ओरडत, "ह्या पाण्यातून सगळं काढून टाकलंय आणि ह्याचा अंगठा तेवढा घातलाय!" मग मला बोलावून शिकवणी. पाणी म्हणजे नुसतं ओलं नसतं. विहिरीच्या पाण्यात थोडं कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, जमिनीचे क्षार असतात, म्हणून त्याला चव असते. ह्या जारच्या पाण्याला चव आहे का? "पिऊन बघ. धुतलेलं पाणी आहे हे. पाणी धुणारी जगात आपलीच जात." ते स्वतः घरून तांब्याच्या बाटलीत उकळलेलं पाणी आणत. कोणी ग्लासात बोटं बुडवून पाणी आणून दिलं तर तो ग्लास तसाच दिवसभर टेबलावर राहायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पुराव्यासारखा दाखवला जायचा.

बाटलीवरून रोज भांडण व्हायचं. सलाईनची बाटली. कारखान्यात उन्हाळ्यात भट्टीपुढे उभी राहणारी पोरं पाळी सुटली की थेट आमच्याकडे यायची. अंगावरचा शर्ट घामानं भिजून वाळलेला, त्यावर मिठाचे पांढरे नकाशे. "साब, कमजोरी है. बोतल चढा दो." डॉक्टरांचा ओठ डावीकडे चढायचा.

"बोतल में क्या होता है, मालूम है? नमक का पानी. घर में नमक नहीं है?"

"है साब."

"पानी है?"

"है साब."

"तो घोल के पी लो."

"पीने से ताकत नहीं आता साब. चढाने से आता है."

ह्यावर ते डोळे मिटून घ्यायचे. मग मला सांगायचे, पाण्याचा जग भर. स्टीलच्या जगात मी मीठ, साखर, लिंबू ठरल्या मापानं ढवळायची. पेशंटना तो अपमान वाटायचा. पैसे देऊन डॉक्टरकडे यायचं आणि सरबत पिऊन जायचं? अर्धे उठून समोरच्या गाळ्यात जायचे. तिथे एक बिनडिग्रीचा 'डॉक्टर' होता. भिंतीवर ओळीनं खिळे, खिळ्यांना बाटल्या, बाकावर आडवी झालेली माणसं, त्यांच्या तोंडांवर माश्या. बाटलीत तो पिवळं इंजेक्शन मिसळायचा, म्हणजे ताकद डोळ्यांना दिसायची. डॉक्टर खिडकीतून तिकडे बघत आणि म्हणत, "बघ, माणसं वाळत घातलीत."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "माणूस म्हणजे खारट पाण्याची पिशवी. पिशवीला गर्व कशाचा?" पोटऱ्यांत गोळे येऊन कळवळणारा कामगार टेबलावर पडलेला असायचा आणि हे त्याची पोटरी दाबत त्याला सांगत असायचे, की बाबा, तुझ्या घामातून नुसतं पाणी गेलं नाही, सोडियम गेलंय, तू वर नुसतं पाणी ढोसलंस, म्हणून उरलंसुरलं मीठही पातळ झालं. स्नायू आवळायला आणि सुटायला क्षार लागतात. हृदयाचा ठोका पडतो तोही पोटॅशियम नि सोडियम आतबाहेर करतात म्हणून. रक्त लाल कशानं, तर लोखंडानं. हाड कशाचं, तर चुन्याचं. त्या बिचाऱ्याला मराठी कळत नसायचं. पण दाबल्यानं बरं वाटायचं, म्हणून तो माना हलवायचा. एकदा एका बाईनं नवऱ्याच्या आठवणीनं डोळ्यांना पदर लावला, तर डॉक्टर म्हणाले, "घाम, लघवी, शेंबूड, आसवं, सगळं एकाच टाकीतलं. नळ वेगळे." मी त्या बाईला बाहेर नेऊन पाणी दिलं. मनात म्हटलं, शी, काय माणूस आहे!

पण त्यांच्या किळसेची एक गंमत होती, आणि ती कळल्यावर मी त्यांच्याकडून जायचं नाव काढलं नाही. साखरेचा आजार असलेला एक म्हातारा वॉचमन आला. पायाला मळकं फडकं गुंडाळलेलं. वास दारातून आधी आला, माणूस नंतर. फडकं सोडलं तर जखमेत अळ्या वळवळत होत्या. मी बेसिनकडे धावले. मागून डॉक्टरांचा आवाज, "ओकून झालं? आता टॉर्च धर." त्यांचं तोंड इतकं वाकडं झालं होतं की एक डोळा जवळजवळ बंद. पण हात? हात चिमट्यानं एकेक अळी उचलून वाटीत टाकत होता, हलके, न थरथरता. कितीतरी वेळ. म्हातारा गेल्यावर म्हणाले, "किळस येते म्हणजे नाक शाबूत आहे. त्यात वाईट काय? पण नाकानं नाक मुरडावं. हात मागे घ्यायचं काही कारण नाही." दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तो म्हातारा येत राहिला आणि हे तोंड वाकडं करून त्याचा पाय धूत राहिले.

माझ्या आईला मी त्यांच्याकडे नेलं ते तिचं डोकं सारखं दुखायला लागलं म्हणून. आई घिवलीची वाडी सांभाळणारी बाई. बाबा गेल्यावर नारळ, केळी, भाजीचे वाफे, सगळं तिनंच बघितलं. दादा-वहिनी तिच्याजवळच. तिला कोणी 'तुम्हाला जमणार नाही' म्हटलं की ते जमवून दाखवण्यातच तिचा जन्म गेलेला. डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून तिनं सुक्या बोंबलांची आणि सोड्यांची, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोलंबीची, पिशवी बरोबर घेतली. मी म्हटलं, आई, ह्यांना नको. तर म्हणे, "घाटावरचा माणूस हाय तो. असला सोडा त्याच्या बापानं बगितला नसल."

डॉक्टरांनी पट्टा बांधून प्रेशर बघितलं. भलतंच वाढलेलं. "काय काय खाता?" आईनं अभिमानानं सांगितलं. सकाळी भाकरी नि भाजलेला सुका बोंबील, दुपारी कालवण, वर कैरीचं लोणचं, संध्याकाळी उरलेलं, आणि उन्हातून आल्यावर ताकात मीठ. तेवढ्यात पिशवीचा वास त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी टेबलावरची ती पिशवी पेनच्या टोकानं पलीकडे ढकलली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शी! रक्तात मिठागर काढलंय तुम्ही! आजपासून मीठ बंद. बंद म्हणजे बंद!" वर पाणी काढायची गोळी लिहून दिली. ही गोळी लघवीवाटे पाणी आणि मीठ दोन्ही बाहेर काढते, त्यानं प्रेशर उतरतं.

 रिक्षा घिवलीच्या फाट्याला आल्यावर आई म्हणाली, "पेनाच्या टोकानं ढकलली त्यानं पिशवी. हातबी नाय लावला."

"त्यांचा स्वभावच तसा आहे, आई."

"असू दे. माझाबी हाय."

त्या दिवसापासून माझ्या आईनं मीठ सोडलं. कमी नाही केलं, सोडलं. घरच्यांचं जेवण वेगळं आणि हिचं एका लहान टोपात वेगळं. भाकरी अळणी, डाळ अळणी, मासळी नुसत्या चिंचेच्या कोळात. खारवलेल्याकडे तर बघणंसुद्धा बंद. सगळं आयुष्य समुद्राच्या काठावर गेलेल्या बाईनं हे केलं, यावर गावात कोणाचा विश्वास बसेना. भजनी मंडळातल्या एकीनं वर सल्ला दिला, की भरपूर पाणी प्यायलं की अंगातलं जुनं मीठ धुऊन जातं. मग सकाळी उठल्यापासून तांब्यावर तांब्या. ऐन वैशाख, वाडीतलं काम, घामाच्या धारा, गोळी चालू, आणि वरून नुसतं पाणी. पुढच्या खेपेला प्रेशर उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गोळी लागू पडली."  बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "गोळी म्हणं! वाडीतली बाई जिभंची गुलाम नाय, ते त्याला काय ठावं."

मग एका सकाळी दादाचा फोन. आई ओकतेय, धड उभी राहत नाही, आणि बाबांशी बोलतेय. बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झालेली. "वैनी म्हणतेय काय तरी लागलाय तिला. भगताला बोलावलाय. नायतर इथंच कोणाकडून सलाईन लावून घेऊ?"  मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरून एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी समोरच्या पेशंटचा हात सोडला, बॅग उचलली आणि रांगेला काही न सांगता गाडी काढली.

घिवलीला ओटीवर आई खाटेवर पडली होती. भगत तांदूळ टाकत बसला होता. मला वाटलं, आता हे भगताला फाडून खाणार. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईच्या शेजारी जमिनीवर बसले. नाव काय विचारलं, तर तिनं बाबांचं नाव सांगितलं. जीभ बघितली, गुडघ्यावर टिचकी मारली, डोळ्यांत बॅटरी मारली. मग वहिनीला विचारलं, "जेवणात मीठ किती असतं ह्यांच्या?"

"नसतंच. त्यांचा वेगळा शिजतो. तुमीच बंद केलात ना!"

"बंद? म्हणजे अगदीच?"

"कणबी नाय. आणि पाणी तर दिवसभर पितात."

आईला ते कुठून तरी ऐकू गेलं. तिनं मान वळवली, डॉक्टरांना ओळखलं, आणि शाळेतल्या पोरीनं पाठ केलेली कविता म्हणून दाखवावी तशी म्हणाली, "कणबर नाय खाल्ला डाक्टर. विचारा सगल्यांना."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांचा तो ओठ खाली आलेला पाहिला. नाक सरळ झालं. ते तोंड मी ओळखत नव्हते. एका घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाचं साधं तोंड होतं ते. "उचला," एवढंच म्हणाले.

पालघरच्या एका खाजगी हॉस्पिटलात तिला नेलं. रक्त तपासलं तर सोडियम फार खाली गेलेलं. तिथेही सलाईनच लावायचं होतं, पण आमच्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांना विनंती करून स्वतः स्टूल ओढलं आणि नळीच्या चाकावर बोट ठेवून बसले. थेंब इतके सावकाश पडत होते की दादाचा संयम सुटला. "एवढा हलू? जोरात सोडा ना, आई मरतेय माजी!" मला वाटलं आता ह्यांच्या तोंडचा पट्टा सुटेल. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वाल भिजत घातले की काय होतं? फुगतात ना? रक्तातलं मीठ कमी झालं की पाणी पेशींत शिरतं. मेंदू असाच फुगलाय आईचा. वालाला टोप मोठा घेता येतो, कवटी मोठी नाही करता येत. आता मीठ तर द्यायचंय. पण घाईनं दिलं तर ते पाणी एकदम ओढून घेईल आणि मेंदू जागच्या जागी करपेल. मग ती जगेल, पण तुझी आई म्हणून नाही." दादा खाली बसला.  माझी आई एका चाकावरच्या बोटावर लटकलेली होती, आणि ते बोट ज्या माणसाचं, त्याच्याच एका शब्दानं ती इथवर आली होती. त्या क्षणी मला त्यांचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. किळस आली. त्यांची, त्या पेनच्या टोकाची, आईच्या हट्टाची, आमच्या सगळ्यांच्या अडाणी मानापमानांची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं डोळे उघडले. मला नावानं हाक मारली. मग स्टुलावर बसलेल्या त्यांच्याकडे बघितलं. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. म्हणाली, "यांना च्या दिला का कोणी?" मला रडू फुटलं. डॉक्टर उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं मी शोधायला गेले तर ते बेसिनपाशी हात धूत होते. साबण लावायचा, धुवायचा, परत लावायचा. आरशात बघून म्हणाले, "शी!"

"काय झालं सर?"

"काही नाही. स्वतःचीच घाण येतेय."

मला वाटलं, दोन दिवसांनी विसरतील. पण किळसेच्या बाबतीत हा माणूस प्रामाणिक होता. दवाखाना परत उघडल्यापासून जो कोणी प्रेशरचा पेशंट येई त्याला ते सांगत, "मीठ कमी करा. बंद नाही. बंद सांगणारा डॉक्टर गाढव असतो. मी सांगितलं होतं एका बाईला. मरता मरता वाचली." आणि हे सगळं त्याच ओठ चढवलेल्या तोंडानं, रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. लोक चपापायचे. आपल्यामुळे एक बाई मरता मरता वाचली असं जो डॉक्टर स्वतःच्या तोंडानं सांगतो, त्याच्याकडे पुन्हा कोण येणार? समोरच्या बाटलीवाल्यानं तर हे वाक्य हिंदीत करून घरोघर पोचवलं. हळूहळू आमची बाकं रिकामी दिसायला लागली.

मी भांडले. म्हटलं, "सर, एकदा सांगितलंत, पुरे. रोज रोज कशाला?"

"रोज किळस येते म्हणून." मग पेन खाली ठेवून म्हणाले, "मीठ बंद हे मी शास्त्रानं नव्हतं सांगितलं. शास्त्र कमी म्हणतं. मला त्या पिशवीचा वास सहन झाला नाही, म्हणून बंद म्हणालो. औषधात माझं नाक आलं. अळ्या काढताना जो हात मी मागे घेतला नाही, तो त्या बाईनं आणलेल्या पिशवीपुढे मागे घेतला. ही गोष्ट दाबून ठेवली तर आतच सडेल."

शेवटी आई स्वतः आली. बसनं, एकटी. रांग होती कुठे, दोन माणसं बसली होती. त्यांच्या देखत तिनं डॉक्टरांना झापलं. "माजी बोंब सगल्या बोईसरभर कशाला करताव? चुकी झाली, झाली. मरत होते ती तुमच्यामुलं, वाचले तीबी तुमच्यामुलं. फिटला. आता गुमान दवाखाना चालवा."

"नाही फिटलं, आजी."

"मग नाय तर नाय! पण माणसं पलवू नका. तो समोरचा बसलाय बाटल्या टांगून, त्याला काय घाण वाटते का कशाची? तुमाला वाटते. म्हणून तर तुमच्याकडं याचा."  आईला किती मीठ खायचं ते डॉक्टरांनी त्या दिवशी पाऊण तास शिकवलं. भाकरीत किती, कालवणात किती, घाम गेला तर वर किती, तहान लागेल तेवढंच पाणी आणि कुणाच्या सांगण्यावरून एक घोट जास्त नाही. आई मधेमधे म्हणत होती, "कळला, कळला," आणि ते म्हणत होते, "मला शंका आहे."

दवाखाना फार दिवस चालला नाही. बायको आधीच गेलेली, मुलगी साताऱ्याकडे. डॉक्टर तिकडे गेले. मी स्टँडवर सोडायला गेले तर निरोपाचं काही बोलले नाहीत. स्टँडच्या मुतारीकडे बघून नाक मुरडलं आणि गाडीत बसले. आमच्या गाळ्यात आता जारच्या पाण्याचं दुकान आहे. रस्त्यावरून जाताना मी तिकडे बघत नाही. समोरच्या गाळ्यात अजून बाटल्या टांगलेल्या आहेत, नाला रंग बदलतोच आहे, आणि मोठ्या काचेच्या दवाखान्यांत गोड हसणारे नवे डॉक्टर आले आहेत. ते कोणालाच 'शी' म्हणत नाहीत. पेशंटकडे न बघताच हसतात. मला त्या हसण्याची जास्त शिसारी येते.

आई मात्र दर रविवारी साताऱ्याला फोन लावायला लावायची. पुढचं बोलणं म्हणजे भांडणच. ते विचारायचे, काय खाल्लं, किती खाल्लं, पाय सुजलेत का. ती म्हणायची, तुमीच काय खाल्ला ते सांगा आदी. ते म्हणायचे, मुलगी पथ्याचं करते, घशाखाली उतरत नाही. एकदा तिनं सोडे पाठवले. चांगले लागले, असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "परत पाठवलेत तर चालतील" असं म्हणाले. आईनं ते शब्द गावभर सांगितले.

मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले. मी तशीच घिवलीला गेले. आई माडाच्या झावळ्या सोलत बसली होती. तिला सांगितलं. तिनं कोयता खाली ठेवला. मग उठली, हातपाय धुतले आणि चुलीपाशी गेली. जेवायला बसलो तेव्हा तिच्या ताटात वरण आणि भात. फोडणी नाही, रंग नाही. मी बोट लावून चाखलं. मीठ नव्हतं.

आमच्याकडे सुतकात अळणी जेवतात.

"आई, ते आपले कोण लागत होते? ना नात्याचे, ना गावचे. सुतक कसलं?"

"मला लागला," ती म्हणाली. "दहा दिवस. तू मधे येव नको."

माझं डोकं फिरलं. मी डब्यातलं मीठ मुठीनं उचललं आणि तिच्या ताटात टाकलं. ओरडले, की ज्या माणसानं तुझ्यासाठी नळीवर बोट धरून अख्खी रात्र काढली, त्याचं सुतक तू अळणी जेवून पाळणार? हे त्याला कळलं तर काय तोंड करील तो? ओरडता ओरडता माझाच वरचा ओठ डावीकडे चढलाय हे मला जाणवलं.

आईनं ताटाकडे बघितलं. सावकाश भात कालवला. एक घास घेतला, तोंड वाकडं केलं.

"लय खारट केलास," ती म्हणाली, आणि सगळं जेवली.